रेंजच्या मागं आप्पांची बस

शिवमूर्तीआप्पा गेले, असं मी दुकानात कुणाला सांगितलं की समोरचा आधी कपाळाला हात लावतो आणि मग विचारतो, "कधी? काय झालतं?" मग मला चिडून सांगावं लागतं, की बाबा, वारले न्हाईत, हैदराबादकडं गेले. घर घेऊन गेले. त्यांचं घर चाकावर होतं. नव्या माणसाला हे एका दमात पटत नाही आणि मला रोज रोज तेच सांगायचा कंटाळा आलाय. म्हणून एकदाच काय ते सगळं सांगून टाकतो.

लोहाऱ्यात माझं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, सिमकार्ड, फुटलेल्या काचा आणि लोकांची डोकेदुखी. आप्पा माकणीचे, धरणाच्या पाण्याकडेला त्यांचं शेत. जन्मभर त्यांनी एका शाळेची बस चालवली. शाळेनं ती बस मोडीत काढली तेव्हा आप्पांनीच विकत घेतली. लोकांना वाटलं, आप्पा आत कोंबड्या पाळणार. आप्पांनी आतले बाक काढले, दोन पलंग ठोकले, गॅस ठेवला, पाण्याची टाकी बसवली, छपरावर सोलरची पाटी टाकली, ड्रायव्हरच्या डोक्यावर महादेवाचा फोटो लावला आणि लेकाच्या नव्याकोऱ्या बंगल्यातून उठून बसमध्ये राहायला गेले.

लेकाशी भांडण नव्हतं. सून तर रोज डबा द्यायची. मी एकदा विचारलंच, "आप्पा, हे काय खूळ?"

"संजू," ते म्हणाले, "एवढी वर्षं गाडी चालीवली, पण रस्ता एकच. माकणी ते शाळा, शाळा ते माकणी. आता गाडी बी माझी आन् रस्ता बी माझा."

मग ते फिरायला लागले. चार दिवस कळंबला, चार दिवस तुळजापूरच्या घाटाखाली. तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्याजवळ गाडी लावून त्यांनी चहा ठेवायला घेतला, तर गॅस पेटवायच्या आत लोकांनी त्यांना गाडीसकट हाकलून लावलं. बसचा पिवळा रंग त्यांनी बदलला नाही आणि मागचं 'स्कूल बस'ही पुसलं नाही. त्यामुळं जिथं मुक्काम, तिथं सकाळी दप्तर घेऊन दोनचार लेकरं उभी. आप्पा त्यांना त्यांच्या शाळेत सोडून यायचे. कुठली शाळा, कुठलं गाव, काही विचारायचे नाहीत. "हात केला की थांबायचं, एवढंच मला येतं," असं म्हणायचे.

हे सगळं झकास चाललं असतं. पण गंगाकाकू बसमध्ये यायला तयार नव्हत्या.

दुसरा पलंग काकूंचाच होता, खिडकीजवळचा. आप्पांनी त्यावर नवी गादी भरून घेतली होती आणि तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद कुणाला काढू देत नव्हते. मी एकदा चुकून तिथं टेकलो, तर मला उठवून पाण्याच्या टाकीवर बसवलं. काकूंनी पहिल्याच दिवशी बसच्या दारात उभं राहून आत बघितलं, आणि तिथूनच अट घातली.

"माझी नंदा ज्या दिशी ह्या डब्यातून न अडकता दिसंल, त्या दिशी मी राहायला येते. तोवर तुमी आन् तुमचा महादेव."

नंदा म्हणजे त्यांची लेक. नर्स होऊन जर्मनीला गेलेली. काकू रोज दुपारी लेकाच्या घरच्या वायफायवर तिला बघायच्या. त्या वायफायवरही माणूस आहे एवढंच कळायचं, पण आवाज तरी यायचा. बसमध्ये, शेतात, धरणाच्या कडेला, तेही नाही. झालं. आप्पांच्या उतारवयाला एकच काम लागलं, रेंज शोधणं. बाकी म्हाताऱ्यांना गुडघे असतात, आप्पांना रेंज होती.

आधी त्यांनी माझ्याकडून प्रत्येक कंपनीचं एकेक सिम नेलं. तितकेच जुने फोन नेले. कांद्याच्या जाळीदार पिशव्या कापून त्यात एकेक फोन घातला आणि बसच्या एकेका खिडकीला टांगला. मग शिवारातल्या रस्त्यानं बस हळूहळू चालवायची, आणि कुठल्याही पिशवीत टुंग वाजलं की करकचून ब्रेक. मागं उसाचा ट्रॅक्टर असला तर त्याचाही ब्रेक, आणि त्याच्या मागच्या सगळ्या वरातीचा. ट्रॅक्टरवाला आईबहिणीवर यायचा. आप्पा खिडकीतून हात काढून शांतपणे म्हणायचे, "होगली बिडु!" हे कानडी. 'जाऊ द्या, सोडून द्या' असा त्याचा अर्थ. आमच्याकडं घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं, पण आप्पांना अख्ख्या कानडीतलं हे एवढंच लागायचं. टुंग वाजलेलं असायचं ते एखाद्या लोन कंपनीच्या मेसेजचं.

असं फिरता फिरता त्यांना अस्सल रेंज सापडली. फोनच्या सगळ्या कांड्या भरल्या. जागा कुठली, तर आमच्या समाजाच्या स्मशानाची टेकडी.

आप्पांनी बस तिथं लावली, दोऱ्या बांधून धोतर वाळत घातलं आणि मला फोन केला. "संजू, काकूला घेऊन ये. नंदा आरशात दिसावी तशी दिसायलीय." मी काकूंकडं गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेल्यावर येनारच हाय मी तिथं. जिती असताना कशाला न्यायलास?"

मी एकटाच परत आलो. आप्पांनी मात्र हट्टानं तिथंच मुक्काम ठेवला. काकूंचं मन वळंल, अशी त्यांना आशा. आणि एक दिवस तिथं गावातले काशिनाथमामा आले. म्हणजे आणले. आमच्यात माणूस गेल्यावर त्याला बसवून, फुलांनी सजवून नेतात. मिरवणूक टेकडीवर चढली, आणि लोकांच्या खिशातले फोन एकदम टुंग टुंग वाजायला लागले. गावात कधी न मिळणारी रेंज! अर्धी माणसं मामांजवळ थांबली आणि अर्धी आप्पांच्या बसमध्ये चहाला. तेवढ्यात नंदाचा फोन. पांढऱ्या कपड्यात, दवाखान्यातूनच करत होती, हसत हसत. एकदम तिचे डोळे मोठे झाले.

"आप्पा! मागं खिडकीत कोण बसलंय? हार घालून?"

"अगं, काशिनाथमामा," आप्पा म्हणाले, "वारले सकाळी. लई दिवसांनी दिसलेत, नमस्कार कर."

पोरगी किंचाळली, ते टेकडीच्या पायथ्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. दुसऱ्या दिवशी गावच्या चार जाणत्या माणसांनी आप्पांना हात जोडून सांगितलं, की तुमची वेळ येईस्तोवर इथं राहू नका. बस खाली उतरली.

मग आप्पांनी बांबू आणला. चांगला पंचवीसेक फुटी. त्याच्या टोकाला राउटर बांधायचा आणि बांबू छपरावर उभा करायचा, हा बेत. राउटर माझ्याच दुकानातला. बांधून द्यायलाही मीच. दव लागू नये म्हणून आप्पांनी राउटरला प्लास्टिक गुंडाळलं आणि वाऱ्यानं ते फडफडू नये म्हणून वरून काकूंच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा बांधला. मी म्हणालो, "आप्पा, हे बरं दिसत नाही." ते म्हणाले, "दिसायचं न्हाय, दाखवायचं काम हाय त्याचं."

दोन दिवसांनी जत्रेला चाललेल्या बायांचा एक टेम्पो त्या रस्त्यानं गेला. त्यांनी काय बघितलं? जत्रेत महादेवाची मिरवतात तशी उंच काठी, टोकाला लाल वस्त्र, खाली धोतर नेसलेला, कपाळाला भस्म लावलेला म्हातारा. टेम्पो थांबला. बाया उतरल्या. "आप्पा, काठी कुठल्या महादेवाची?" आता आप्पांनी खरं सांगायचं की नाही? पण सगळ्या पायातल्या चपला काढून उभ्या राहिलेल्या. त्यांना 'हे मशीन आहे' म्हणणं आप्पांच्या जिवावर आलं. "आपलीच हाय," एवढंच म्हणाले. मग काय, नारळ फुटले टायरवर. एकीनं आग्रह धरला, की काठी आडवी करा, अभिषेक घालायचाय. आप्पांनी केली आडवी! भक्तीपुढं कोण नाही म्हणणार? दह्यादुधानं, उसाच्या रसानं राउटरला आंघोळ झाली. संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला तेव्हा त्याच्या भोकाभोकांतून मुंग्या निघत होत्या.

मी लई तणतणलो. "आप्पा, गॅरंटीत दही बसत नाही!" आप्पा म्हणाले, "होगली बिडु. बायांचं मन तर राहिलं."

असा माणूस. त्याच्यावर रागावून तरी किती रागवायचं?

पण त्या पावसाळ्यानंतर गंमत कमी झाली. नंदाचं नेट फारच बिघडलं. बसमधून तर सोडाच, लेकाच्या घरूनही ती धड दिसेना. कधी नुसतं छत दिसायचं, कधी काळा पडदा. "आई, नेट खराब हाय गं, ठेवते," असं म्हणून दोन मिनिटांत फोन बंद. काकू दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसायच्या. आप्पांनी हे अंगाला लावून घेतलं. रोज माझ्या दुकानात. "संजू, अजून भारी मशीन हाय का? संजू, जर्मनीच्या बाजूला तोंड करून लावावं का?" जर्मनी कुठल्या बाजूला, हे मी त्यांना नकाशात बघून सांगितलं आणि त्यांनी बस त्या दिशेला वळवून उभी केली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. हसू यायचं, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून मी ते दाबायचो. "ती न्हाय बोलली तरी चालंल, मला फक्त तिचं तोंड बघायचंय," असं काकू म्हणतात, एवढंच ते मला परत परत सांगायचे.

आणि मग येळवस आली. वेळ अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, कोपीत दगडांचे पाच पांडव, त्यांची पूजा, आणि मग भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या आणि ओले दाणे बेसनात एकत्र शिजवलेले, ताकातली आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. मला शेत नाही, म्हणून मी दरवर्षी आप्पांच्या शेतात. येळवशीची भज्जी मी सोडत नाही, आधीच सांगून ठेवतो.

पूजा झाली. केळीच्या पानावर भज्जी वाढली. मी पहिला घास उचलणार, तोच काकू म्हणाल्या, "थांबा. आधी नंदाला दाखवू द्या. सणाचं एकटं पडलंय लेकरू."

फोन लागेना. कसा लागणार? सगळं शिवार माणसांनी भरलेलं, प्रत्येक कोपीतून पुण्याच्या, मुंबईच्या लेकरांना भज्जी दाखवायचं चाललेलं. एकच टॉवर, त्यानं मान टाकली. घरचं वायफायही बंद, कारण वायफायवाला बटण बंद करून त्याच्या शेतात जेवत होता. काकूंनी पान सरकवून ठेवलं. "तिला बघितल्याबिगर म्या न्हाय जेवत." घरची लक्ष्मी जेवत नाही म्हणल्यावर पाहुणा कुठल्या तोंडानं जेवणार? मी हातातला घास पानात ठेवला. सुटलेल्या लाळेचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

आप्पा धरणाकडं बघत बसले होते. एकदम म्हणाले, "संजू, लोहाऱ्याची समदी माणसं कुठं हायेत आज?"

"शेतात."

"मंग लोहाऱ्याचं नेट आज कोन वापरायलंय?"

मी म्हणालो, "कुणीच नाही."

पाच मिनिटांत बस चालू. काकू भज्जीचं पातेलं धरून माझ्याबरोबर मागं उभ्या. प्लास्टिक घातलेल्या त्या गादीवर काकू बसल्या नाहीत, अट पुरी झाली नव्हती ना. रस्त्यावर आमची एकटी बस गावाकडं, आणि उशीर झालेली झाडून सगळी माणसं समोरून शेताकडं. येळवशीला शेत सोडून गावाकडं कोण जातं? एकाच कारणानं जातात. पहिला मोटारसायकलवाला थांबला. "आप्पा, कोण गेलं?" आप्पांना घाई. त्यांनी नुसता हात हलवला. त्यानं गाडी वळवली आणि बसच्या मागं लागला. पुढं आणखी दोन. मग एक जीप. मग बैलगाडीतून उतरून दोन म्हातारे आमच्या मागच्या शिडीला लोंबकळले. लोहारा येईस्तोवर मागं रांगच लागली. सगळ्यांचे चेहरे पडलेले, टोप्या हातात.

लोहाऱ्याचा चौक रिकामा. एरवी जिथं सायकल लावायला जागा मिळत नाही, तिथं आप्पांनी अख्खी बस आडवी लावली. मी फोन बघितला. कांड्या भरलेल्या. काकूंनी नंबर लावला, आणि बेल गेली की नाही तोच नंदा दिसली.

अशी दिसली, की पापणीचा केस मोजावा. अंथरुणात होती. तिकडं सकाळ होती. अजून नीट जागी नव्हती, म्हणून फोन उचलला असावा. गेल्या कित्येक महिन्यांच्या सवयीनं काकू ओरडल्या, "दिसायलं का? ऐकू यायलं का?" ती म्हणाली, "दिसतंय." नेट चालू असताना काय बोलायचं, याची सवयच मोडली होती. काकूंनी पातेलं कॅमेऱ्यापुढं धरलं, भज्जी दाखवली, आणि पातेलं खाली घेता घेता थांबल्या.

"नंदे, ड्युटीवर न्हाईस तू?"

"सुट्टी हाय आई. येळवस ना आज."

"जर्मनीत येळवशीची सुट्टी असती व्हय?"

काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "तुझ्या गळ्याची हाडं वर आलीत की गं. डोळ्याखाली काय झालंय? आन् केस? केस का कापलेस?"

"आई, नेट खराब—"

"नेट चांगलं हाय!" काकू अशा ओरडल्या की माझ्या हातातून पाण्याचा तांब्या पडला. "आज समदं चांगलं हाय. बोल."

मग ती रडायला लागली. नोकरी सुटून बरेच दिवस झाले होते. आजारी पडली, एकटीच होती, खोलीतून बाहेर पडावंसं वाटेना. आईबापानं कौतुक करून पाठवलं, आता कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून छत दाखवायची, पडदा लावायची. "आई, माझ्याकडचं नेट कधीच खराब नव्हतं गं. मीच बंद करायची."

आप्पा स्टेअरिंगवर बसून हे ऐकत होते. एवढी सिमं, एवढे ब्रेक, तो बांबू, तो मुंग्यांचा राउटर. मला वाटलं आता म्हणतील त्यांचं ते कानडी. म्हणाले नाहीत. उठून मागं आले, काकूंच्या हातातला फोन घेतला आणि लेकीला नीट बघितलं. सावकाश बघितलं. "नंदा, तिकीट काढ. हैदराबादला उतर. आमी येताव न्यायला." एवढंच बोलून फोन परत काकूंकडं दिला.

काकूंनी मग गळा काढला. दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. आणि बसच्या बाहेर उभ्या माणसांची खात्री पटली. माना खाली गेल्या. एक म्हातारा खिडकीशी येऊन हळूच मला म्हणाला, "जवळचंच कुणीतरी दिसतंय. मूठमाती कधी?"

आप्पा दार उघडून पायरीवर उभे राहिले. डोळे पुसले. समोर निदान पन्नास माणसं, येळवशीचं जेवण सोडून आलेली, कुणाच्या हाताला अजून भज्जी लागलेली. "कुणी बी गेलं न्हाय," आप्पा म्हणाले. "लेक यायलीय घरी." लोकांनी एकमेकांकडं बघितलं. जीपवाल्याला राग आलेला दिसला, पण काकूंनी पातेलं दारात आणून ठेवलं आणि वाढायला सुरुवात केली. रिकाम्या चौकात पन्नास माणसांनी उभ्यानं घासघास भज्जी खाल्ली. आंबील नव्हती, त्याची मला आजही हळहळ आहे.

मग थोड्याच दिवसांत एका सकाळी बस माझ्या दुकानासमोर थांबली. आप्पा अंघोळ करून, भस्म लावून, इस्त्रीचा सदरा घालून स्टेअरिंगवर. आणि शेजारी क्लीनरच्या जागेवर गंगाकाकू, मांडीवर पितळी डबा. मागं बघितलं तर त्यांच्या पलंगावर सूनबाईनं दिलेली लोकरीची शाल, तीन उशा आणि जेवणाची भांडी. राहायलाच निघाल्या होत्या. पुढं हैदराबादमध्येच एका दवाखान्यात नंदाला काम लागलं आणि बसही तिकडंच कुठंतरी उभी राहिली, हे मला फोनवर कळलं. त्या सकाळी मात्र कुणालाच पुढचं काही ठाऊक नव्हतं.

मला राहवेना. "काकू, फोनमध्ये डेटा टाकून देऊ का? लांबचा रस्ता आहे, वाटेत लागंल."

"आता काय करू त्याचं?" काकू म्हणाल्या. "जिला बघायचंय ती माझ्या मांडीवर डोकं ठिवून झोपनार हाय." आणि त्यांनी खिडकीची काच वर ओढून घेतली.